आनी: पडकी चर्चं, मठ आणि भिंतींवरचे लेख – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आनी या मध्ययुगीन पडक्या शहराचे फोटो बघून किंवा तिकडे जायचा प्लॅन करून लोक जे प्रश्न सारखे पाठवतात ते इथे एकत्र केलेत. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा, म्हणून जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. आनी नक्की कुठे आहे? कुणी आर्मेनिया म्हणतं, कुणी तुर्कस्तान.

जमीन तुर्कस्तानची, शहर आर्मेनियन राजांचं. तुर्कस्तानच्या ईशान्य टोकाला कार्स नावाचं गाव आहे, तिथून साधारण ४५ किलोमीटर. शहराच्या एका बाजूला अखुरियान नदीची खोल दरी आहे आणि ती नदीच आजची सरहद्द, म्हणजे पलीकडचा काठ आर्मेनिया. हा भाग १८७८ ते पहिल्या महायुद्धापर्यंत रशियाकडे होता, नंतर १९२१ च्या कार्स कराराने तुर्कस्तानकडे राहिला. २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो तुर्कस्तानच्या नावावर.

२. इतिहास थोडक्यात सांगाल का? नावं लक्षात राहत नाहीत.

नावं नाही राहिली तरी चालेल, कोणानंतर कोण एवढं डोक्यात ठेवा. ९६१ साली बग्रातुनी या आर्मेनियन राजघराण्यातल्या तिसऱ्या आशोतने राजधानी कार्सहून आनीला आणली. ९९२ मध्ये आर्मेनियन चर्चच्या मुख्य धर्मगुरूंची गादीही इथे आली. १०४५ ला कॉन्स्टँटिनोपलच्या बैझंटाईन साम्राज्याने शहर घेतलं, १०६४ ला सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलानने, १०७२ पासून शद्दादी नावाचं कुर्दी घराणं. मग जॉर्जियाचे राजे अधूनमधून येऊन घेत राहिले आणि ११९९ च्या सुमारास जॉर्जियाच्या राणीच्या नोकरीतल्या झकारियान सरदारांकडे ते नीट गेलं. १२३६ ला मंगोल आले. एवढे मालक बदलले तरी बाजार चालू होता, कारण शहर व्यापारी रस्त्यावर होतं आणि जो येईल त्याला जकात हवीच होती. ही जकात लक्षात ठेवा, प्रश्न ४ मध्ये लागणार आहे.

३. «हजार एक चर्चांचं शहर» म्हणतात ते खरं आहे का?

नाही हो, ते कौतुकाने म्हणायचं. खुणा सापडल्यात त्या साधारण चाळीसेक चर्चांच्या, आणि आज गेलात तर चर्च म्हणून ओळखू येतील अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

४. भिंतींवर एवढं काय कोरलंय? बायबलमधली वचनं आहेत का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि खरं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण बहुतेक लेख पैशाबद्दल आहेत. कोणी कुठलं गाव दिलं, कुठलं दुकान दिलं, त्याबदल्यात माझ्या नावाने वर्षातून किती वेळा प्रार्थना म्हणायची, कुठला टॅक्स माफ झाला. मला स्वतःला देवाच्या स्तुतीपेक्षा हेच वाचायला आवडतं, कारण स्तुती सगळीकडे सारखीच असते.

उदाहरणं द्यायची तर बैझंटाईन राजवटीतला एक बडा अधिकारी आरोन, त्याने कॅथेड्रलच्या (शहरातलं मुख्य चर्च, प्रश्न ६) पश्चिमेच्या भिंतीवर १०५५-५६ च्या सुमारास कोरून ठेवलंय की मी तटबंदी पक्की केली, स्वतःच्या खर्चाने गडावर पाणी आणलं आणि सम्राज्ञी थिओडोराच्या फर्मानाने लोकांचे काही कर उतरवले. त्यानंतर तीनचार वर्षांनी बग्रात नावाचा दुसरा अधिकारी, त्याचीही करमाफी त्याच कॅथेड्रलवर. पवित्र प्रेषितांच्या चर्चला जोडून एक मोठा दगडी हॉल आहे (हे हॉल काय असतात ते प्रश्न १२ मध्ये) त्याच्या भिंती तर जकात आणि करांच्या लेखांनी भरल्यात. आनीतल्या जॉर्जियन चर्चच्या भिंतीवर १२१८ सालचा जॉर्जियन लेख होता, त्यात त्यांचे मुख्य धर्मगुरू एपिफाने यांनी लग्न, अंत्यविधी वगैरे करायला पाद्र्यांनी लोकांकडून किती घ्यायचं ते ठरवून दिलंय, म्हणजे त्याच्याआधी कुरबुर झालीच असणार. आणि आनीतल्याच मनुचिहरच्या मशिदीवर फारसीत लेख आहे, इलखान (इराणचा मंगोल राजा) अबू सईदच्या काळातला, म्हणजे १३१६ ते १३३५ मधला, तो कशाबद्दल? तर बेकायदा कर वसूल करू नका याबद्दल!

म्हणजे धर्म वेगळा, भाषा वेगळी, लिपी वेगळी, पण सरकारी नोटीस लावायची जागा एकच, जिथे माणसं जमतात ती भिंत. कागद जळतो, हरवतो, दरोडेखोर नेतात. भिंतीवर कोरलेलं निदान सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहतं आणि वसुलीवाल्याला तिथे नेऊन उभं करता येतं.

५. लेखातलं साल कसं काढायचं?

आर्मेनियन सन ५५२ मध्ये सुरू होतो, म्हणून लेखातल्या आकड्यात ५५१ मिळवायचे. ६६४ असेल तर १२१५. आपण शकात ७८ मिळवतो तसंच. आकडे मात्र आकड्यांसारखे दिसत नाहीत, अक्षरांनीच लिहिलेले असतात, प्रत्येक अक्षराला किंमत ठरलेली, आणि बहुतेक वेळा आधी «साल» असा शब्द किंवा त्याचं संक्षिप्त रूप येतं त्यामुळे शोधायला सोपं जातं.

एक भानगड आहे. जुन्या आर्मेनियन वर्षात दिवस बरोबर ३६५, लीप वर्ष नाहीच, त्यामुळे नवीन वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतं. सुरुवातीला ते जुलैत होतं, इसवी १००० च्या आसपास मार्चमध्ये आलं. म्हणून ४५० म्हणजे मार्च १००१ ते मार्च १००२. लेखात महिना दिला नसेल तर एका वर्षाचा फरक पडू शकतो, शकाचं इसवीत करताना पौष-माघात जी गडबड होते तीच.

६. कॅथेड्रल कोणी बांधलं? कुठे राजा लिहितात, कुठे राणी.

दोघांनी, आणि तिसरा होता तो गवंड्यांचा गुरू. काम सुरू केलं दुसऱ्या स्म्बात राजाने ९८९ साली. तो त्याच वर्षी वारला. गादीवर त्याचा भाऊ गागिक आला आणि काम पुरं केलं गागिकची राणी कत्रानिदे हिने, ती शेजारच्या स्युनिक राज्याच्या राजाची मुलगी. दक्षिणेच्या भिंतीवर लांबच लांब लेख आहे तो तिच्याच तोंडी आहे, मी कत्रानिदे, आर्मेनियनांची राणी, अमक्याची मुलगी, नवऱ्याच्या आज्ञेने हे पूर्ण केलं वगैरे. त्यात गागिकला «शहनशाह» म्हटलंय, ख्रिश्चन राजाला. शेजारच्या इराणचा रुबाब तिथपर्यंत पोचला होता.

वास्तुकार त्रदात. याचं नाव लक्षात ठेवा कारण ९८९ च्याच भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या प्रचंड चर्चच्या घुमटाचा भाग पडला तेव्हा तो दुरुस्त करायला याला बोलावलं होतं, हे त्याच काळातल्या आर्मेनियन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आत उभं राहून वर बघा, एकेका खांबात बारीक बारीक खांबांची जुडी बांधल्यासारखं दिसतं आणि कमानी टोकदार. युरोपातल्या गॉथिक चर्चांच्या शंभरेक वर्षं आधीचं हे काम. त्यावरून गॉथिक आनीहून गेलं असं काही लोक छातीठोक सांगतात, माझं मत विचाराल तर दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

७. मग त्याचं साल कुठे १००१ आणि कुठे १०१० असं का?

लेख एक, वाचन दोन. आर्मेनियन सन ४५० वाचला तर १००१ येतं आणि बहुतेक ठिकाणी तेच दिसेल. पण याच लेखात इतर पद्धतीने मोजलेली वर्षंही दिलीत आणि ती सगळी एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे काही अभ्यासक आकडा वेगळा वाचून १०१० धरतात. तुम्ही कुठे लिहिणार असाल तर «१००१ (काहींच्या मते १०१०)» लिहा आणि मोकळे व्हा.

८. ते अर्धं कापल्यासारखं चर्च कुठलं? बॉम्ब पडला होता का?

बॉम्ब नाही. ते पवित्र तारणहाराचं, म्हणजे ख्रिस्ताचं चर्च, १९५७ च्या एका वादळात त्याचा पूर्वेचा अर्धा भाग खाली आला. बाहेरून एकोणीस बाजू, आत गोल फिरून आठ कोनाडे आणि वर भला मोठा घुमट. वजन मोठं, भूकंपांनी भेगा आधीच पडलेल्या. उरलेल्या अर्ध्याला आता आधार देऊन सावरलंय.

इमारती अशा सोलल्यासारख्या का पडतात तेही सांगतो. बाहेरून तासलेले टफचे (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) दगड दिसतात ना, लालसर, काळे, पिवळट, ते फक्त कातडं आहे. आत चुन्यात कालवलेल्या खडीदगडांचा गाभा आणि खरा भार तोच घेतो. म्हणून कुठे कुठे दगडी कातडं गेलंय तरी गाभा तसाच उभा दिसतो. टफ खाणीतून काढल्यावर मऊ असतो, त्यामुळे अक्षरं इतकी रेखीव कोरता आली.

याच चर्चवरचे लेख मला सगळ्यात रंगतदार वाटतात. अब्लघरीब पहलवुनी नावाचा सरदार राजाचं पत्र घेऊन कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाकडे गेला, पुष्कळ खर्च आणि खटपट करून ख्रिस्ताच्या क्रुसाचा एक तुकडा मिळवला आणि तो ठेवायला हे चर्च १०३५ साली पुरं केलं. वर असंही सांगून ठेवलं की ख्रिस्त परत येईपर्यंत इथे रात्रीची प्रार्थना खंड न पडता चालू राहू दे.

९. दरीच्या कडेला रंगवलेलं चर्च आहे ते कोणत्या राजाचं?

राजाचं नाहीच, व्यापाऱ्याचं! तिग्रान होनेन्त्स, साल १२१५. बाहेरच्या भिंतीवर त्याने स्वतःच सगळी हकिकत कोरून ठेवलीये. झकारियाचा मुलगा शहरावर राज्य करत असताना मी, देवाचा सेवक तिग्रान, कड्याच्या टोकावरची झाडोऱ्याने भरलेली जागा माझ्या हक्काच्या कमाईतून मालकांकडून विकत घेतली, कष्ट करून तिला चहूकडून तट घातला आणि संत ग्रेगरीच्या नावाने हा मठ बांधला. मग दिलेल्या मालमत्तेची यादी सुरू होते ती संपत नाही, गावं, काही गावांचे फक्त हिस्से, गिरण्या, तेलाचे घाणे, बागा, दुकानं, हमामखाना. ही यादी म्हणजे तेराव्या शतकातल्या एका श्रीमंत माणसाचा पोर्टफोलिओ आहे, आणि आनीत पैसा कशाकशात गुंतवायचे ते यापेक्षा चांगलं दुसरीकडे कुठे कळत नाही. «हक्काची कमाई» आणि «मालकांकडून विकत» हे मुद्दाम लिहिलंय ते वाचून एवढंच म्हणेन की उद्या कोणी जमिनीवर दावा सांगेल ही भीती तेव्हाही होती.

१०. तिथल्या चित्रांवर जॉर्जियन अक्षरं आहेत म्हणे. मग ते चर्च आर्मेनियन की जॉर्जियन?

बाहेरचा लेख आर्मेनियन, आतल्या चित्रांखालचा मजकूर जॉर्जियन आणि ग्रीक. चित्रांत आर्मेनियाला ख्रिश्चन करणारा संत ग्रेगरी आहे आणि जॉर्जियाला ख्रिश्चन करणारी संत निनोही आहे. आर्मेनियन चर्चमध्ये एवढी भरगच्च रंगवलेली भिंत सहसा दिसत नाही. सगळ्यात पटणारं उत्तर म्हणजे हे अशा आर्मेनियन लोकांचं होतं जे भाषेने आर्मेनियन पण पंथाने जॉर्जियन आणि ग्रीक चर्चच्या बाजूचे होते, तेव्हा राज्यही जॉर्जियाचंच होतं. इंटरनेटवर यावरून दोन्हीकडचे लोक कडाकडा भांडतात, त्यात पडू नका.

११. लेखांच्या शेवटी शाप असतात हे खरं का?

हो, आणि चांगले सणसणीत. जो हे दान मोडेल तो यहूदा (ख्रिस्ताला दगा देणारा) आणि काइन (भावाला मारणारा) यांच्या वाट्याचा धनी होवो, त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो. हे ३१८ म्हणजे ३२५ सालच्या निकाइया परिषदेला जमलेले बिशप, संख्या परंपरेने ठरलेली. जो पाळेल त्याला आशीर्वादही असतो बरं का. आपल्याकडे कोकणात आणि देशावर शिलाहार-यादवांच्या काळातले गधेगाळ बघितलेल्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही, वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली दान मोडणाऱ्याला ती गाढवाची शिवी. आनीवाले शिवीचं चित्र काढत नाहीत, नरकात पाठवतात एवढाच फरक.

१२. चर्च आणि मठ यांत फरक कसा ओळखायचा? आनीत मठ कुठले?

एकटी इमारत दिसली की ती बहुधा चर्च. दोनतीन चर्चं चिकटून, पुढे मोठा चौकोनी खांबांचा हॉल, भोवती तट आणि खोल्यांचे पाये दिसले की मठ समजा. त्या हॉलला गावित किंवा झामातून म्हणतात, तिथे माणसं पुरायची, सभा भरायच्या, न्यायनिवाडे व्हायचे, म्हणून लेखही तिथे जास्त. पण हा नियम पक्का नाही, प्रेषितांचं चर्च शहरातलं आहे आणि त्यालाही असा हॉल आहे.

शहरात दरीच्या सुळक्यावर छोट्या छत्रीसारखं दिसतं ते कुमारिकांच्या मठाचं चर्च. पण खरे मोठे मठ शहराबाहेर. नदीकाठीच होरोमोस आहे, दहाव्या शतकातला, तिथे तिसऱ्या आशोतची कबर आहे आणि १०३८ चा गावित आहे, तो अशा हॉलांमधला अगदी सुरुवातीचा. जागा सरहद्दीच्या पट्ट्यात असल्याने मनात आलं आणि गेलो असं होत नाही. कार्सच्या दक्षिणेकडे ख्त्स्कोन्क, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच चर्चं उभी होती, १९५९ ला अभ्यासक पोचले तर एकच, संत सार्गिसचं. आर्मेनियाच्या बाजूला ग्युम्रीजवळ मार्माशेन, तिथे मात्र आरामात जाता येतं आणि भिंतीवर वहराम पहलवुनीचा लेख बघता येतो.

१३. १३१९ च्या भूकंपाने शहर एका दिवसात संपलं ना?

हे वाक्य सगळीकडे कॉपी-पेस्ट झालंय. भूकंप मोठा होता, कॅथेड्रलचा घुमट तेव्हाच गेला असं मानतात. पण प्रश्न ८ मधल्या चर्चवर १३४२ सालचा लेख आहे आणि तो घुमट दुरुस्त केल्याचा आहे. ओसाड गावात कोणी घुमट दुरुस्त करत नाही. म्हणजे भूकंपानंतरही माणसं होती, पैसाही थोडाफार होता. मंगोल काळातली करांची ओढाताण, व्यापाराचे रस्ते दुसरीकडे वळणं, पुढे तैमूरच्या स्वाऱ्या, असं हळूहळू गळत गेलं. राजधानीचं खेडं झालं आणि मग तेही उठलं.

१४. कॅथेड्रलची मशीद झाली होती का?

१०६४ ला सेल्जुकांनी शहर घेतलं तेव्हा केली, घुमटावरचा क्रूस उतरवला. ११२४ ला जॉर्जियाच्या दाविद राजाने शहर घेतल्यावर परत चर्च झालं. वायव्येचा कोपरा पडलेला दिसतो त्याचा याच्याशी संबंध नाही, तो १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात गेला.

१५. लेखावर जे साल आहे तेच चर्च बांधल्याचं साल धरायचं का?

नाही! इथे भलेभले फसतात. लेख दुरुस्तीचा असू शकतो (प्रश्न १३), नंतरच्या दानाचा असू शकतो, करमाफीचा असू शकतो ज्याचा इमारतीशी काहीच संबंध नाही (प्रश्न ४). शहराच्या पश्चिम अंगाला संत ग्रेगरीचं एक छोटं देखणं चर्च आहे, बाहेरून बारा बाजू, ते दहाव्या शतकाच्या शेवटचं मानतात, पण १०४० चा लेख अब्लघरीबने त्याच्याच बाजूला वडिलांसाठी समाधी बांधली त्याबद्दलचा आहे. «बांधलं», «पुरं केलं», «नवं केलं», «दिलं» यांतलं क्रियापद कुठलं आहे ते आधी बघा, साल नंतर.

उलटही होतं, लेख नाही पण साल माहितीये. गागिकने १००१ ते १००५ मध्ये आर्मेनियातल्या झ्वार्तनोत्स या सातव्या शतकातल्या चर्चच्या नमुन्यावर गोल चर्च बांधलं, आज फक्त खांबांचे पाये आहेत. त्याची माहिती आपल्याला इतिहासकाराच्या लिखाणातून आहे, आणि उत्खननात १९०६ ला तिथे गागिकचा सव्वादोन मीटरचा पुतळा सापडला, डोक्याला मोठा फेटा, हातात चर्चचं मॉडेल. तो पुतळा महायुद्धाच्या धामधुमीत गहाळ झाला, फोटो उरलेत.

१६. आज जे लेख दिसत नाहीत ते पुस्तकांत कसे काय असतात?

कारण पडायच्या आधी कोणीतरी उतरवून घेतले. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांनी आणि धर्मगुरूंनी नकला केल्या, मग रशियन अभ्यासक निकोलाय मार यांनी १८९२-९३ आणि १९०४ ते १९१७ असं उत्खनन केलं, फोटो, नकाशे, ठसे सगळं घेतलं आणि मशिदीतच म्युझियम थाटलं. १९१८ ला तुर्की सैन्य जवळ आलं तेव्हा हजारो वस्तू हलवल्या, त्यातल्या बऱ्याच आज येरेवानच्या म्युझियममध्ये आहेत. कागदपत्रांचा मोठा भाग मात्र त्याच गोंधळात गेला. मार यांचे शिष्य ओर्बेली यांनी गोळा केलेला आनीच्या लेखांचा संग्रह १९६६ ला छापला गेला. त्यामुळे जागेवर जाऊन अमुक लेख सापडला नाही तर तुमचं चुकलं असं समजू नका, तो दगडच नसेल.

१७. जायचं कसं? आर्मेनियातून जवळ पडेल ना?

दिसायला जवळ, जायला नाही. सरहद्द १९९३ पासून प्रवाशांसाठी बंद आहे. आर्मेनियाच्या काठावरून आनी समोर दिसतं पण पोचायचं तर जॉर्जियातून वळसा घालून कार्सला यावं लागतं. तुर्कस्तानातून येणार असाल तर अंकाराहून कार्सला विमान आहे किंवा लांब पल्ल्याची पूर्व एक्सप्रेस ही रेल्वे, आणि कार्सहून टॅक्सी. पूर्वी कार्समध्ये परवाना काढावा लागायचा आणि फोटोंवर बंदी होती, आता तिकीट काढून आत जाता येतं. हिवाळ्यात बर्फ गुडघाभर असतं, मे ते ऑक्टोबर बरा. सावली जवळपास नाही, पाणी घेऊन जा. लेख वाचायचे असतील तर तिरपं ऊन पाहिजे, सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर, भर बारा वाजता अक्षरं सपाट होऊन जातात आणि फोटोत काही येत नाही.

१८. मुंबई-सुरतेचे आर्मेनियन व्यापारी आनीचेच का?

थेट नाही. भारतात आलेले बहुतेक आर्मेनियन इराणमधल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फाचे, ज्यांना शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमारास अराक्स नदीकाठच्या जुन्या जुल्फाहून उचलून तिथे वसवलं. आनी तोवर केव्हाच रिकामं झालं होतं. मुंबईत फोर्टात सेंट पीटरचं आर्मेनियन चर्च १७९६ चं, सुरतेला त्यांचं कबरस्तान आहे, आणि मद्रासला तर १७९४ मध्ये «अझदारार» हे जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं.

१९. सुरतेच्या कबरीवर साल फक्त दोन-तीन आकडीच दिसतंय, प्रश्न ५ प्रमाणे ५५१ मिळवले तर सहाशे-सातशे येतंय! असं कसं?

तो मोठा सन नसून छोटा सन असणार. नव्या जुल्फाच्या व्यापाऱ्यांमध्ये अझारियाचा सन चालायचा, तो १६१६ मध्ये सुरू होतो, म्हणून १६१५ मिळवायचे. कबरीवर ७५ असेल तर १६९०. ओळखायचं कसं तर दोन्ही करून बघा, मोठ्या सनाने सातवं-आठवं शतक आलं की समजा छोटा आहे, कारण तेव्हाची आर्मेनियन कबर सुरतेत असायचं कारण नाही. काही दगडांवर महिन्याचं नावही असतं आणि अझारियाच्या महिन्यांची नावं वेगळी आहेत, ती जमली तर शंकाच राहत नाही.